चिखल्याचे दगड आणि ‘उष्णता व दाब’

‘भूगर्भातील प्रचंड उष्णता व दाब यांमुळे मूळ खडकांचे स्वरूप बदलून जे खडक तयार होतात, त्यांना रूपांतरित खडक असे म्हणतात.’ हे वाक्य शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना पाठ असते. त्याखाली एक तक्ता असतो. डावीकडे मूळ खडक, उजवीकडे रूपांतरित खडक. चुनखडकाचा संगमरवर, वालुकाश्माचा क्वार्टझाइट, शेलचा स्लेट, ग्रॅनाइटचा नीस. मग जोड्या लावा, व्याख्या लिहा, दोन उदाहरणे द्या. धडा संपला.

या लेखात आपण या धड्याचे परीक्षण करणार आहोत. कोणत्याही एका इयत्तेचे किंवा एका वर्षाचे पुस्तक आमच्यासमोर नाही. पाठ्यपुस्तके, गाईडे आणि वर्गातल्या नोट्स यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली जी मांडणी आहे, तिच्याबद्दल आम्हांला बोलायचे आहे. वरची व्याख्या चुकीची नाही. पण ती पाठ झाली म्हणजे मुलाला रूपांतरित खडक समजले, असे आपण धरून चालतो. ते खरे आहे का, हे पाहण्यासाठी व्याख्या एखाद्या खऱ्या जागी नेऊन ताडून पाहायला हवी. त्यासाठी आम्ही भंडारा जिल्ह्यातले चिखला हे गाव निवडले आहे.

चिखल्याच्या परिसरात काय आहे?

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग बेसाल्टने, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या शाळेतल्या मुलाला रूपांतरित खडक बहुधा फरशीच्या दुकानातच भेटतो. पूर्व विदर्भात मात्र हे आवरण नाही आणि त्याखालचे फार जुने खडक उघडे पडले आहेत. तुमसर तालुक्यातले चिखला अशाच खडकांवर वसले आहे. तिथे ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण आहे. जवळच डोंगरी बुजरूकची उघडी खाण आहे.

भूशास्त्रज्ञ इथल्या खडकांना ‘सौसर समूह’ म्हणतात. नागपूर, भंडारा आणि शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा, बालाघाट या जिल्ह्यांतून हा पट्टा जातो. त्यातल्या थरांच्या गटांना गावांचीच नावे दिलेली आहेत : सितासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवाणी, बिचुआ. यांपैकी सितासावंगी तर चिखल्याच्याच परिसरातले. या गटांत अभ्रकाचे चमकणारे खडक आहेत, संगमरवर आहे, क्वार्टझाइट आहे, पट्टेदार खडक आहेत आणि मँगनीजचे काळे जड थर आहेत.

हे सगळे मुळात प्रामुख्याने पाण्याखाली साचलेले गाळ होते. पुढे भूकवचाच्या हालचालींत ते खोल गाडले गेले, घड्या पडून दुमडले गेले आणि तापले. रूपांतरणाचा मुख्य काळ सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यानंतर वरचे खडक झिजत गेले आणि हे थर पृष्ठभागावर आले.

आता व्याख्या हातात घेऊन या थरांकडे पाहा. एकावर एक असलेले हे थर एकत्रच गाडले गेले, एकत्रच तापले. शेजारशेजारच्या दोन थरांना मिळालेली उष्णता आणि दाब जवळपास सारखाच. मग एका थराचा संगमरवर, दुसऱ्याचा अभ्रकी खडक आणि तिसऱ्याचे मँगनीजचे खनिज का झाले? ‘उष्णता व दाब यांमुळे’ हे उत्तर इथे उपयोगी पडत नाही. कारण जे सगळ्यांना सारखे मिळाले, त्याने त्यांच्यातला फरक समजावता येत नाही.

पहिला आक्षेप : मूळ द्रव्याचा विसर

धड्यातला सगळा भर ‘कशाने बदलले’ यावर असतो. ‘काय बदलले’ हे तक्त्यातल्या डाव्या रकान्यात एका शब्दात उरकले जाते. वास्तविक खडकाची ओळख ठरवण्यात मूळ रासायनिक घटकांचा वाटा फार मोठा असतो. रूपांतरणात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे पदार्थ बऱ्याच प्रमाणात निघून जातात. काही ठिकाणी तापलेल्या पाण्याबरोबर बाहेरून नवे घटकही येतात. पण सर्वसाधारणपणे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मँगनीज ही मंडळी मुळात असतात तेवढीच राहतात. त्यांची मांडणी मात्र नव्याने होते. चिकणमातीत ॲल्युमिनियम आणि पोटॅशियम असते, म्हणून तिच्यातून अभ्रक तयार होऊ शकते. शुद्ध चुनखडकात ते नसतेच. मग त्याला कितीही तापवा, अभ्रक कुठून येणार?

चिखल्याच्या पट्ट्यातले मँगनीज हे याचे उत्तम उदाहरण आहे. पाण्याखाली मँगनीजयुक्त गाळ साचताना काही ठिकाणी तो बऱ्यापैकी शुद्ध होता, तर काही ठिकाणी त्यात माती आणि वाळू मिसळली होती. हे सगळे तापल्यावर काय झाले? जिथे गाळ शुद्ध होता तिथे ब्राउनाइट हे मुख्यतः मँगनीज आणि ऑक्सिजन यांचे, थोडी सिलिका असलेले खनिज तयार झाले. त्यात वजनाने सुमारे ६३ टक्के मँगनीज असते. जिथे सिलिका पुरेशी होती, तिथे ऱ्होडोनाइट हे गुलाबी खनिज तयार होऊ शकले. त्यात मँगनीज सुमारे ४२ टक्के. आणि जिथे मातीही मिसळली होती तिथे मातीतल्या ॲल्युमिनियमने मँगनीज आणि सिलिका यांच्याशी संयोग साधून स्पेसार्टिन नावाचे गार्नेट बनवले. त्यात मँगनीज फक्त ३३ टक्के, शिवाय ते सिलिकेशी असे घट्ट बांधलेले की भट्टीत काढणे अवघड.

स्पेसार्टिन आणि क्वार्टझ यांच्या खडकाला ‘गोंडाइट’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले एल. एल. फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीज साठ्यांवरील आपल्या १९०९ च्या ग्रंथात हे नाव रूढ केले. ते या प्रदेशातल्या गोंड लोकांवरून घेतलेले आहे. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द आहे. आपल्या शालेय तक्त्यात मात्र तो कधी येत नाही.

म्हणजे चिखल्यासारख्या ठिकाणी एखादा थर विकण्याजोगे खनिज होणार की टाकाऊ दगड, हे पुष्कळसे गाळात माती किती मिसळली यावर ठरून गेले होते. उष्णतेने त्या मिश्रणाला फक्त नवे रूप दिले. खाणीत काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक रोजीरोटीचा आहे. तो समजावून सांगण्याची ताकद आपल्या व्याख्येत नाही.

आणखी एक बारकावा. डोंगरी बुजरूकच्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते टॉर्चच्या सेलसाठी वापरले जाते. सेल फोडल्यावर दिसणारी काळी भुकटी ती हीच. असे डायऑक्साइड बहुधा रूपांतरणातून आलेले नसते. खडक वर आल्यावर हवा-पाण्याने जुन्या खनिजांचा क्षय होऊन ते मागाहून बनते. रूपांतरित खडकात सापडणारे प्रत्येक खनिज रूपांतरित असतेच असे नाही, ही गोष्ट मुलांना इथे सहज दाखवता येते.

दुसरा आक्षेप : ‘दाब’ या एका शब्दात दोन गोष्टी

विहिरीत बुडी मारली की पाणी आपल्याला सर्व बाजूंनी दाबते. खोल गाडलेल्या खडकावरही वरच्या खडकांच्या वजनाचा असाच सर्वांगी दाब असतो. दर ३.५ ते ४ किलोमीटर खोलीला तो सुमारे एक किलोबार, म्हणजे हवेच्या दाबाच्या हजारपट वाढतो. या दाबाने खडकात कोणती खनिजे टिकतील हे ठरते. पण दगडाला पदर सुटणे, तो पाटीसारखा फुटणे, त्यात समांतर चकाकी दिसणे, या गोष्टी त्याने होत नाहीत. त्यासाठी एका दिशेने जास्त असलेला दाब लागतो. भूखंडांचे तुकडे एकमेकांवर रेटले जातात तेव्हा असा दाब मिळतो.

हा फरक वर्गात दाखवायला खर्च नाही. कणकेच्या सैलसर गोळ्यात मूठभर जाडे पोहे मिसळा. गोळा सुरीने कापून पाहा. पोहे वेड्यावाकड्या दिशांना असतील. तसाच दुसरा गोळा दोन पाट्यांमध्ये ठेवून सावकाश दाबा, पुन्हा गोळा करून पुन्हा त्याच बाजूंनी दाबा असे न करता एकाच दिशेने चपटा होऊ द्या आणि मग उभा कापा. पोहे बरेचसे आडवे, एकमेकांना समांतर झालेले दिसतील. अभ्रकाच्या पापुद्र्यांचे असेच होते. मात्र खडकात जुने पापुद्रे नुसते फिरत नाहीत, त्या दिशेला अनुसरून नवेही वाढतात. प्रयोगाची ही मर्यादा मुलांना सांगायला विसरू नये.

या समांतर रचनेला ‘पत्रण’ म्हणतात. आता मराठीतले दोन शब्द पाहा. शिस्ट या खडकाला आपल्याकडे ‘सुभाजा’ असा प्रतिशब्द आहे, म्हणजे सहज भाग पडणारा. नीसला ‘पट्टिताश्म’ आहे, म्हणजे पट्टे असलेला दगड. दोन्ही शब्द खडकाचे लक्षण नावातच सांगतात. ज्या मुलाला ‘शिस्ट’ आणि ‘नीस’ यांत नेहमी गोंधळ होतो, त्याला या शब्दांनी मदत होईल. पण ते कठीण वाटतात म्हणून गाळले जातात आणि इंग्रजी नावे अर्थावाचून पाठ केली जातात.

संगमरवर आणि क्वार्टझाइट यांत सहसा असे पदर दिसत नाहीत. का? कॅल्साइट आणि क्वार्टझ यांचे कण पापुद्र्यांसारखे चपटे नसतात. पोह्यांऐवजी साबुदाणा घालून तोच प्रयोग करा, म्हणजे कळेल. तेव्हा ‘पदर असलेले’ आणि ‘पदर नसलेले’ हे वर्गीकरणही पुन्हा मूळ द्रव्यापाशीच येऊन पोचते.

तिसरा आक्षेप : ‘किती?’ हा प्रश्नच नाही

‘प्रचंड’ या विशेषणाने धड्याचे फार नुकसान केले आहे. प्रचंड म्हणजे किती? साधारण २०० अंश सेल्सिअसपासून ते ८००-८५० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही वर, एवढा हा पल्ला आहे. त्याच्या एका टोकाला स्लेट आहे आणि दुसऱ्या टोकाला अर्धवट वितळू लागलेला पट्टिताश्म. मातीचा एकच गाळ जसजसा जास्त तापतो, तसतसा तो स्लेट, फायलाइट, सुभाजा, पट्टिताश्म अशा पायऱ्या चढतो. तक्ता मात्र ‘शेल–स्लेट’ एवढ्यावर थांबतो. जणू शेलची यात्रा तिथेच संपली.

जॉर्ज बॅरो या भूशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मातकट गाळापासून झालेल्या खडकांचे निरीक्षण करून असे दाखवले, की एका बाजूकडून दुसरीकडे जाताना त्यांतली खनिजे ठरावीक क्रमाने बदलतात. विशिष्ट खनिज दिसू लागले की खडक किती तापला असावा याचा अंदाज येतो. पुढे फिनलंडच्या पेंटी एस्कोला यांनी १९१५ ते १९२० च्या सुमारास ही कल्पना वाढवली. एकट्यादुकट्या खनिजाऐवजी एकत्र नांदणाऱ्या खनिजांचा पूर्ण संच पाहायचा आणि त्यावरून तापमान व दाब यांची श्रेणी ठरवायची, ही त्यांची रीत आजही वापरली जाते.

यासाठी लागणारी उदाहरणे भंडारा जिल्ह्यातच आहेत. दहेगाव-पिंपळगाव भागात कायनाइट मिळते, तर पोहरा भागात सिलिमनाइट. दोघांचे रासायनिक घटक अगदी सारखे : ॲल्युमिनियम, सिलिकॉन, ऑक्सिजन. यांचा तिसरा भाऊ अँडालुसाइट. कायनाइटची घनता सुमारे ३.६, सिलिमनाइटची ३.२५, अँडालुसाइटची ३.१५. दाब वाढला की अणूंची दाट मांडणी सोयीची ठरते आणि कायनाइट टिकते. तापमान वाढले की सिलिमनाइट. तिघेही एकत्र स्थिर राहू शकतील अशी स्थिती एकच आहे, सुमारे ५०० अंश आणि ४ किलोबार. म्हणजे खडकात यांपैकी कोण सापडते, यावरून त्याच्या इतिहासाचा माग काढता येतो. भट्ट्यांसाठी उष्णतारोधक विटा बनवायला ही खनिजे वापरतात, हे सांगितले तर मुलांना त्यांचे महत्त्वही कळेल.

‘किती’ हा प्रश्न गाळल्यामुळे एक घोटाळा कायमचा घर करून बसतो. ‘खडक वितळतो आणि त्याचा रूपांतरित खडक होतो’ असे उत्तर उत्तरपत्रिकांत येते. खडक पूर्ण वितळला तर थिजल्यावर तो अग्निज खडक होईल. रूपांतरण घन अवस्थेतच होते. विटेचे उदाहरण इथे चांगले आहे. कच्ची वीट भट्टीत आकार न सोडता बदलते. भट्टीच्या पोटातली एखादी वीट फार तापून वितळते आणि शेजारणीला चिकटते, तेव्हा ती मर्यादा ओलांडते. पण विटेला ना खोलीचा दाब असतो, ना लाखो वर्षांचा वेळ. तेव्हा हे उदाहरण तप्त शिलारसाशेजारी भाजल्या गेलेल्या खडकांना जास्त लागू पडते, चिखल्यासारख्या विस्तीर्ण पट्ट्यांना कमी.

तक्त्याबद्दल थोडे

तक्त्यात एका मूळ खडकाला एकच जोडीदार असतो. त्यामुळे ‘नीस म्हणजे ग्रॅनाइटचा’ असे समीकरण पक्के होते. पट्टिताश्म ग्रॅनाइटपासून बनतो हे खरे, पण तो गाळाच्या खडकांपासूनही बनतो आणि सौसर समूहात असे पट्टिताश्म आहेत. कारण ही नावे वेगवेगळ्या निकषांवर दिलेली आहेत. सुभाजा आणि पट्टिताश्म ही नावे रचनेवरून आली. संगमरवर, क्वार्टझाइट, अँफिबोलाइट ही खनिजांवरून. गोंडाइटसारखी नावे प्रदेशाशी निगडित आहेत. तक्ता या सगळ्यांना एकाच रांगेत बसवतो आणि वर्गीकरणाचा निकष काय, हे सांगतच नाही.

काही तक्त्यांत ‘कोळसा–हिरा’ ही जोडी अजूनही दिसते. ती ताबडतोब काढून टाकायला हवी. बहुतेक नैसर्गिक हिरे १५० किलोमीटरहून खोल, प्रावरणात तयार झाले आणि ज्वालामुखीच्या उद्रेकांतून वर आले. त्यांतले अनेक तर जमिनीवर झाडे उगवण्याच्याही कितीतरी आधीचे आहेत. कोळशाचे रूपांतरण होत गेले तर शेवटी ग्रॅफाइट मिळते, म्हणजे आपल्या पेन्सिलीतला पदार्थ.

नावांबद्दल चिखल्याकडून आणखी एक धडा मिळतो. १९५५ मध्ये एस. ए. बिलग्रामी यांनी इथल्या मँगनीजयुक्त अँफिबोल खनिजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून गावाच्या नावावरून ‘चिक्लाइट’ हे खनिजनाम पुढे आले. नंतर अँफिबोल खनिजांच्या नावांची आंतरराष्ट्रीय फेररचना झाली, तेव्हा हे नाव गळाले. फर्मोर यांनी छिंदवाड्यातील सीतापारवरून दिलेल्या ‘सीतापाराइट’ची गतही अशीच. ते आधीच माहीत असलेले बिक्सबाइट निघाले. दगड आहे तिथेच आहे. निकष सुधारले, म्हणून नावे बदलली. वर्गीकरण माणसांनी कामासाठी केलेले असते आणि ते तपासून बदलता येते, हे विद्यार्थ्याला कळणे दहा जोड्या पाठ होण्यापेक्षा मोलाचे आहे.

मग शिकवायचे काय?

धड्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकात या विषयाला पान-दीड पान मिळते आणि शिक्षकाला एखादा तास. तेवढ्यात खनिजांची सूत्रे आणि तापमान-दाबाचे आलेख नेणे शक्य नाही आणि आम्ही तसे सुचवतही नाही. व्याख्या राहू द्या. तिच्या मागोमाग फक्त तीन प्रश्न यावेत : हा दगड आधी काय होता? त्याचे किती तापणे-दाबणे झाले? तो एका बाजूने रेटला गेला का? समोरच्या दगडाला पदर आहेत का, कोणती खनिजे दिसतात, तो किती जड आहे, हे पाहून यांची उत्तरे मुलांनी शोधायची. जडपणासाठी तानकाट्याला दगड टांगून आधी हवेत आणि मग पाण्यात वजन घ्यावे. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांतल्या फरकाने भागले की सापेक्ष घनता मिळते. क्वार्टझाइटची ती २.६५ च्या आसपास येते. शुद्ध ब्राउनाइटची ४.७ च्या पुढे जाते. हातात घेतल्याबरोबर जाणवणारा हा फरक आकड्यात उतरतो.

परीक्षेतही एवढा बदल करता येईल : ‘एकाच ठिकाणी, एकत्रच गाडल्या गेलेल्या तीन थरांपासून संगमरवर, अभ्रकी सुभाजा आणि मँगनीजचे खनिज तयार झाले. असे का झाले असावे?’ ज्याने नुसती व्याख्या पाठ केली आहे, तो इथे अडेल. ज्याने विचार केला आहे, तो दोन ओळींत उत्तर देईल.

तुमसर तालुक्यातल्या एखाद्या शाळेत बसलेल्या मुलीच्या घरचे कोणी खाणीत कामाला असेल. कामाचा दगड आणि टाकाऊ दगड यांतला फरक तिने घरी ऐकलेला असेल. वर्गात मात्र रूपांतरित खडकाचे उदाहरण म्हणून ती ताजमहालाचा संगमरवर लिहिते, कारण तक्त्यात तेच आहे आणि गुण त्यालाच मिळतात. संगमरवराला गुण जरूर द्यावेत. पण तिने अंगणातला काळा जड दगड आणून ‘हा आधी काय होता?’ असे विचारले, तर त्या प्रश्नाला वर्गात जागा असली पाहिजे. आजच्या धड्यात ती नाही. पुढचे पुस्तक येईपर्यंत ती करून देणे आपल्या, म्हणजे शिक्षकांच्याच हातात आहे.